खेकडेरावांची लांबलचक फळी

माणसांनी होड्या बांधायच्याही आधी किनाऱ्यावरचे प्राणी फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत यायचे. लांब फळी मंद लाटेवरही दूरवर तरंगते, असं ऐकल्यावर खेकडेरावांनी कासव सुताराकडून सगळ्यांत लांब फळी करून घेतली. आता सगळा किनारा तोंडात बोटं घालणार, या विचारानंच ते फुगले.

“पाण्यात शिरताना फळीचं टोक लाटेकडे ठेवा, राव,” कासव म्हणालं.

“आमच्या घराण्यात कुणी सरळ जात नाही!” असं ठणकावून खेकडेराव फळी आडवी घेऊनच पाण्यात शिरले.

पहिल्याच लाटेनं त्यांना फळीसकट वाळूत आपटलं. किनारा खो खो हसला. खेकडेराव तोंडातली वाळू थुंकत उठले आणि कासवावर खेकसले,

“दोन हात आखूड केलीस की रे!”