माउलीच्या डाव्या कडेवर

आरवणच्या माउलीच्या देवळात कशाचाही कौल मागा, मिळतो. पेरणीचा, सोयरिकीचा, हरवलेल्या म्हशीचासुद्धा. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. फक्त सुनेचा कौल इथे लागत नाही. का, ते गावातली जाणती माणसे पाहुण्यांना पायरीवर बसवून सांगतात.

फार पूर्वी इथे शेवंती नावाची विधवा राहत होती म्हणे. तिचा एकुलता एक मुलगा होडी घेऊन समुद्रात गेला, तो परतलाच नाही. लग्नाला पुरते वर्षही झाले नव्हते. मागे राहिली सून, केसर. भावकी म्हणाली, पोर पांढऱ्या पायाची आहे, माहेरी धाडा. माहेरी सावत्र आई; म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेवंती काही ऐकेना. शेवटी ठरले, माउलीलाच विचारू, सून घरात ठेवावी की नाही.

गुरवाने पाकळ्या लावल्या. शेवंती हात जोडून उभी होती. लेक गेला तो गेला, आता ही जाऊ नये, एवढेच तिच्या मनात होते. माया भारी वेडी असते. आणि डावी पाकळी पडली.

केसर पदर सावरून निघाली. शेवंती तिच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"गुरवानू, आवस पोराक खयच्या कडेर घेता?"

आई मूल कोणत्या कडेवर घेते, हा काय प्रश्न? गुरव गोंधळला. "डाव्या."

"मगे देवीन माझ्या सुनेक कडेर घेतल्यान."

"कौल असो फिरवूक येणा नाय," शेवंतीचा थोरला दीर म्हणाला. "देवी कोपतली."

"कोपली तर माझ्यार कोपांदे."

देवीच्या मनात काय होते ते देवीलाच ठाऊक. शेवंतीच्या मनातले मात्र साऱ्या देवळाला कळले. म्हाताऱ्या गुरवाने ती पाकळी उचलली आणि केसरच्या ओटीत घातली. नवरा गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली केसर सासूच्या गळ्यात पडून रडली, असे सांगतात. दिराने पुन्हा तो विषय काढला नाही.

आजही कोणी सुनेचा कौल मागायला आले, तर गुरव पाकळ्या भिजवतच नाही. सासूकडे वळून एवढेच विचारतो, "तुका ही व्हयी मां?" हवी म्हटले, की नारळ ठेवून दोघींनी घरी जायचे. नाही म्हणणारी अजून कोणी निघालेली नाही म्हणे. सून शेजारीच उभी असते ना.