घोड्यांच्या खुरांना तूप

हिमालयाच्या कुशीतल्या एका गावात एकदा ऐन थंडीत तूप नाहीसं झालं. घराघरांतलं, आणि तेही एकाच सकाळी. कसं, ते ऐका.

त्या गावात छेवांग नावाचा घोडेवाला राहत होता. ओझं ओढणारे दोन दांडगे घोडे, ढग्या आणि शेरू, ही त्याची सगळी दौलत. त्या थंडीत बर्फाचं वादळ झालं आणि गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. छेवांगची लेक नुकतीच बाळंत झाली होती. बाळ अपुऱ्या दिवसांचं, एवढंसं. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत विजेच्या उबेवर ते जगत होतं. आता ती पेटी जनरेटरवर चालली होती, आणि डिझेल संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं.

नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन ट्रक डोंगराच्या पायथ्याशी आला आणि तिथेच रुतला. चाकांना साखळ्या बांधून झाल्या, ट्रॅक्टर लावून झाला. सगळी चाकं जागच्या जागी गरगर फिरली. शेवटी वायरमन म्हणाला, "छेवांगदादा, आता तुमचे घोडेच!" छेवांगने बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकाच्या लाकडी गाडीवर ट्रान्सफॉर्मर चढवला आणि घोडे जुंपले. घोडे झोकात निघाले. पण जरा चढण लागली आणि त्यांच्या खुरांत बर्फ दाटून त्याचे घट्ट गोळे झाले. गोळ्यांवर पाय ठरेनात. शेरू तर गुडघ्यांवरच आला.

यावरचा उपाय गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. खुरांच्या तळव्यांना तूप चोपडायचं, म्हणजे बर्फ चिकटत नाही. छेवांग घरोघर धावला. आणि नेमकं तेव्हाच तूप नाहीसं झालं! सरपंच म्हणाले, "कालच संपलं बघ." शेजारी म्हणाला, "आमची गाय आटलीय." थंडीतलं तूप म्हणजे अंगातली ऊब, ते घोड्याच्या पायाला कोण फासणार? सगळ्यांनी हात वर केले. सरपंचांच्या मिशा मात्र तुपाने चकाकत होत्या.

शेवटचं घर यांगझोम नावाच्या विधवेचं होतं. तिच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. त्यासाठी वर्षभर पोटाला चिमटा काढून तिने तुपाची एक बरणी भरली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. छेवांगलाही माहीत होतं, म्हणून मागायला त्याची जीभ रेटेना.

"बाळ कसं आहे?" तिनेच विचारलं.

"संध्याकाळपर्यंत आहे, ताई," म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं.

"रड नंतर," ती म्हणाली. "आधी घोडे." आणि तिने बरणी उचलली.

वाटेत सरपंच आडवे आले. "अगं, लग्नात पाहुण्यांना वाढशील काय?"

"कोरडी भाकरी. घशाखाली नाही उतरली, तर वर चहा देईन."

ती बर्फात बसली. एकेक खूर मांडीवर घेऊन तिने बोटांनी कडेकोपऱ्यापर्यंत तूप चोपडलं. शेरू उठला, दोघा घोड्यांनी जोर लावला आणि गाडी सरकली! चढामागून चढ मागे पडू लागला. पण अखेरच्या वळणावर तूप झिजून गेलं. पुन्हा गोळे झाले, घोडे थबकले. बरणी रिकामी होती आणि दिवस कलायला लागला होता.

इतक्यात वरून कुणीतरी घसरत, धडपडत येताना दिसलं. सरपंच! कोटाखाली बरणी. "सापडलं, सापडलं!" ते धापा टाकत ओरडले आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांच्यामागून शेजारी आला, त्याच्यामागून सारा गाव. नाहीसं झालेलं तूप आता ओंजळी भरभरून आलं. गाडीबरोबर आलेल्या यांगझोमने बरणी घेतली. तिने पुढचा खूर मांडीवर घेतला.

ढग्या आणि शेरू मान उंचावून, वाफा सोडत गावात शिरले. ढोल वाजले. वायरमन खांबावर चढला, आणि जनरेटर शेवटचे आचके देत असतानाच दवाखान्यातला दिवा लख्ख पेटला. काचेच्या पेटीत बाळाने मोठी जांभई दिली. छेवांग आता रडला, अगदी पोटभर रडला.

आठवड्याने लग्न झालं. वरातीत सर्वांत पुढे ढग्या आणि शेरू होते. जेवणात भाकरी कोरडीच होती. सरपंचांनी चार खाल्ल्या, आणि तुपाचं नावही काढलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या बळावर आपण तरणार, त्याच्यासाठी घरातलं उत्तम ते काढून द्यावं, आणि दुसऱ्याची वाट न पाहता आपण आधी द्यावं.