स्वागताचं भाषण

फार जुनी गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांचं विणकर मंडळ होतं. सभासद झाडून सगळे नर. अध्यक्ष झुंबरराव छाती फुगवून सांगायचे, "आमची फांदी सर्वांना खुली आहे. माद्याच फिरकत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

एके दिवशी रेशमी नावाची मादी खरंच आली.

"कुणाच्या घरच्या तुम्ही?" एकाने विचारलं.

"माझ्याच. मला विणायचंय."

झुंबररावांना गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे स्वागताचं भाषण ठोकलं. त्यात मादीशक्ती झाली, बदलता काळ झाला, स्वतःची आईसुद्धा झाली. फांदीवर सगळे ऐसपैस बसलेले, त्यामुळे रेशमी तेवढा वेळ हवेतच पंख मारत होती.

"अध्यक्ष, आधी जरा सरकता का?" ती धापा टाकत म्हणाली.

प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

"सूचना मोलाची आहे," झुंबरराव म्हणाले. "समिती नेमू."

रेशमी पलीकडच्या शिंदीच्या झाडावर निघून गेली. पुढच्या हंगामात तिथे माद्यांनी विणलेली घरटीच घरटी लटकली. बाभळीवरचे तरुण विणकरही तिकडेच पळाले. झुंबरराव निषेधाचं भाषण पाठ करून जाब विचारायला गेले. पण तिथे पाय टेकायला जागा नव्हती. हवेत फडफडत ते कसेबसे "भगिनींनो" म्हणाले आणि त्यांना धाप लागली.

रेशमी शेजारणीला म्हणाली, "सरक गं जरा. अध्यक्ष दमलेत."

झुंबरराव बसले. भाषण मात्र त्यांना काही केल्या आठवेना.