तळ्यासाठी बसलेली कुंभारीण

एका गावात एक तळं होतं, आणि त्या तळ्याला मालक नव्हता. मालक नव्हता म्हणून सगळेच मालक. कुणी त्यात म्हशी बसवायचं, कुणी ताग भिजत घालायचं, कुणी घरातला केर आणून ओतायचं.

एका साली ताग इतका भिजत पडला की पाणी सडलं आणि मासे उलटे होऊन वर आले. तळ्यात मासे धरून पोट भरणारा भोई रडकुंडीला येऊन चावडीवर गेला. मुख्य पंच म्हणाले, "खरं आहे बाबा तुझं, पण वाईट कुणाचं झालं म्हणून लिहायचं? तळं कुणाचं?"

"कुणाचंच नाही," लोक म्हणाले.

गावची म्हातारी सुईण पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "कुणाचंच नाही म्हणजे पोरकं झालं की ते. आणि पोरक्याची रीत आपल्या गावात ठरलेली आहे."

ती रीत अशी होती. आईबाप नसलेल्या तान्ह्या लेकराचा वाटा कुणी दाबला, तर गावातलं एक माणूस त्या लेकराचं टोपडं मांडीवर घेऊन चावडीवर बसायचं. टोपडं मांडीवर असेपर्यंत त्यानं 'मी' म्हटलं की ते लेकरूच बोलतंय असं धरायचं. त्या माणसानं आपलं घरदार, सोयरेधायरे सगळं चपलांसोबत बाहेर ठेवायचं.

लोक हसले. "आता तळ्याला कुठलं टोपडं घालता, आजी?"

"तांब्याभर पाणी ठेवा मांडीवर," सुईण म्हणाली. "बोलता येत नाही, पळता येत नाही. लेकराहून वेगळं काय आहे ते?"

पंचांना पटलं. त्या दिवशी ठरलं की तळ्यालाही हक्क आहे. भरायचा, स्वच्छ राहायचा, आपल्या जागी सुखानं असायचा. पण त्याच्यासाठी बसणार कोण? भांडखोर माणूस नको, म्हणून पंचांनी कुंभाराची तरणी बायको निवडली. तिला दीड वर्षाची मुलगी होती आणि बाई जात्याच भित्री. पोर नुसती शिंकली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. अशी बाई काय फार बोलणार, असं पंचांना वाटलं.

पहिल्यांदा ती तांब्या घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मी तळं." मागून कुणीतरी ओरडलं, "तळेबाई, जेवलात का?" सगळी चावडी खो खो हसली. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "ताग भिजवायला बाजूला खड्डा खणा. माझ्यात नको." तसा खड्डा झाला. पाणी निवळलं, मासे परत आले. मग कुणी हसेना.

पुढच्या साली शिमग्यानंतर कुंभाराची मडकी फार सुरेख व्हायला लागली. टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची. भट्टीत एकही तडकेना. कुंभारणीने माती तुडवता तुडवता विचारलं, "अहो, एवढी लोण्यासारखी माती आणता कुठून?"

"तळ्याच्या बांधातून," कुंभार म्हणाला. "जुन्या माणसांनी निवडून, चाळून, तुडवून घातलेली माती आहे. एक खडा सापडायचा नाही. झुडपांच्या मागून घेतो थोडी थोडी. कुणाला दिसत नाही."

तिचे पाय मातीतच थांबले. पण त्याच आठवड्यात पोरीला नवं झबलं आलं होतं, घरात रोज दूध येत होतं. थोडीच तर घेतात, असं तिने मनाला समजावलं आणि ती माती तुडवत राहिली.

वैशाखात भोई पुन्हा चावडीवर आला. "बांधाला ओल आलीय. खालच्या अंगानं पाणी झिरपतंय. पाऊस लागला की बांध फुटणार आणि तळं जाणार."

गाव गोळा झालं. कुंभारीण तांब्या मांडीवर घेऊन बसली. समोरच कुंभार पोरीला कडेवर घेऊन उभा होता. आई दिसली म्हणून पोर हात पसरून हसत होती.

"घुशींनी पोखरला असेल," एक बागाईतदार म्हणाला. त्याला बांध कापून तळ्यातून आपल्या उसाला पाट काढायचा होता, त्यामुळे बांधाची चौकशी लवकर मिटलेली त्याला बरी होती.

"घुशीच असतील," आणखी चार जण म्हणाले.

"मला तर दोन दिसल्या परवा. एवढाल्या!" पाचव्याने हात फाकवून दाखवले.

मुख्य पंच कुंभारणीकडे वळले. "तळ्या, तू सांग. घुशीच ना?"

नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. माती नवऱ्यानं नेली हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सांगितलं तर घरात उद्या काय शिजणार, आणि नवरा पुन्हा तोंड तरी बघेल का? तिने पोरीकडे पाहिलं आणि आईच्या मनात जे नको ते येतं तेच आलं. उद्या मी नसले, हेही नसले, आणि माझ्या या पोरीचं टोपडं मांडीवर घेऊन इथं कुणी बसलं, तर ते माणूस कसं असावं? आपल्या घरच्यांसाठी मान हलवणारं?

तिने तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"घुशी नाहीत," ती म्हणाली. "मला कुंभारानं खणलं. झुडपांच्या मागे, शिमग्यापासून. आणि ती माती कुंभाराच्या बायकोनं तुडवली. तिला माहीत होतं."

कुंभाराचा चेहरा उतरला. "अगं, शुद्धीवर आहेस का? स्वतःच्या हातानं स्वतःच्या चुलीत पाणी ओततेस?"

"कुंभारा," पंच म्हणाले, "ती आत्ता तुझी बायको नाही. तुला काय म्हणायचं ते तळ्याला म्हण."

कुंभार तांब्याकडे बघत म्हणाला, "तळ्या, मी मातीवरच जगतो. दुसरं काय करू?"

"तू जगावंस असं मलाही वाटतं," ती म्हणाली. "दर साली माझ्या पोटात गाळ साठतो. उन्हाळ्यात पाणी हटलं की तो उघडा पडतो. तो ने, हवा तेवढा ने. त्याने माझीही खोली वाढेल. तुला लांब पडेल, चाळावा लागेल, पण तो मी देते. बांध मी दिला नव्हता."

पंचांनी तसंच ठरवलं. आणि पाऊस लागायच्या आत कुंभार आणि कुंभारीण, दोघांनी मिळून बांधातला खड्डा बुजवून द्यायचा. बागाईतदार उठला. शेजाऱ्याला म्हणाला, "चला. नवऱ्याला सोडत नाही ती बाई, माझ्या पाटाला काय सोडणार!"

कुंभारणीने पाणी तळ्यात नेऊन सोडलं आणि मोकळा तांब्या घेऊन घरी आली. नवरा बोलला नाही. गाळाच्या मातीची पहिली भट्टी लावली, तर निम्मी मडकी तडकली. झबलं तर राहोच, दूधही बंद झालं. ती पोरीला ताकाची निवळ पाजायची आणि आपण चुकलो की काय, हा घोर तिच्या जिवाला लागून राहायचा.

रोज सकाळी दोघं बांधावर जायची. तो टोपल्या टाकायचा, ती पायाने चोपायची. पोर झाडाखाली धुळीत खेळायची. सात दिवस असे मुक्याने गेले. आठव्या दिवशी कुंभाराने भरलेली टोपली खांद्यावरून उतरवली आणि बांधातल्या खड्ड्याकडे बघत उभा राहिला.

"काय गं," तो म्हणाला, "तळ्याला विचार. इथं अजून एक टोपली लागेल का?"

तिने पाय रोवून बघितलं. माती अजून थोडी दबत होती.

"दोन लागतील," ती म्हणाली.

कुंभाराने हातातली टोपली रिकामी केली आणि दुसरी आणायला गेला.

ही गोष्ट सांगते ते एवढंच: मुक्याला हक्क देणं सोपं असतं, पण आपल्याच घरातून त्याच्या हक्काला धक्का लागतो तेव्हा जो खरं बोलतो, तोच त्याचा खरा कैवारी.