भट्टीचा एकुलता एक मालक

"उद्या संध्याकाळपर्यंत या भट्टीचा एक मालक माझ्यासमोर उभा करा. दोन आणलेत तर भट्टी जप्त. एकही नाही आणलात तरी जप्त. आणि जो आणाल, त्याला 'हा मालक नव्हे' असं गावातल्या एकानेही म्हणता कामा नये!"

एवढं सुनावून रायाजीराजे घोड्यावर बसले आणि गेले. मागे कोंडसवाडीचे लोक तोंडं उघडी टाकून उभे राहिले.

झालं होतं असं, की शिकारीहून परतताना राजांना वाटेत वास आला. काजूच्या बोंडूंची दारू गाळायची ती गावाची भट्टी. राजांनी करवंटीभर चाखली, डोळे मिटले, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणाची ही भट्टी?"

"आमची," बोंडू तुडवणारा म्हणाला.

"आमची," जाळ घालणारी म्हणाली.

भिंतीला टेकून डुलक्या घेणारे आबा गावडे डोळे न उघडताच म्हणाले, "आमची हो."

राजांना 'माझी' ऐकायची सवय. "म्हणजे 'माझी' म्हणणारा कुणीच नाही? मग ही बेवारस. बेवारस माल सरकारजमा, हा आमच्या आजोबांचा कायदा. काय दिवाणजी?"

दिवाण रंगोपंतांनी मान हलवली. ती हलवण्यासाठीच त्यांना ठेवलं होतं, असं गावात म्हणत.

त्या रात्री देवळाच्या ओट्यावर गाव जमला. आबा म्हणाले, "एक दिवसापुरता मी होतो मालक."

"आणि परवा?" त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. "परवा वहिनी सोडेल होय भट्टी?"

"मग तू हो."

"तो झाला तर मी हरकत घेणार," चुलतभाऊ म्हणाला. "त्याने माझी कोयती अजून परत केली नाही."

एवढ्यात मागून आवाडी बोलली, "मालक मी आणते. फक्त उद्या मी विचारीन त्याला खरंखरं उत्तर द्या, आणि कोयतीचं भांडण घरी ठेवा."

आवाडीचं सगळं त्या भट्टीवरच होतं. तिच्या परसात काजूचं झाड औषधालाही नाही. तांब्याच्या हंड्यातली वाफ नळीतून ज्या मडक्यात उतरते, ते मडकं थंड ठेवायला वरून सारखं पाणी घालावं लागतं. ते काम तिचं. मडकं तापलं की दारू वाफ होऊन उडून जाते, म्हणून पाणी घालणाऱ्याचा वाटा बोंडूवाल्याच्या बरोबरीचा, अशी गावची रीत. 'ज्याने मडकं निववलं तो मालक,' असंच म्हणत. भट्टी गेली, तर आवाडीच्या चुलीवर काय शिजणार होतं?

दुसऱ्या दिवशी राजे भट्टीवर हजर. मागे दिवाणजी, त्यांच्या मागे जप्तीची बैलगाडी. आवाडी पदर खोचून एकटीच पुढे आली.

"कुठे आहे मालक?"

"आलेत की, महाराज."

"मला दिसत नाही."

"आरशाशिवाय दिसणं कठीणच आहे." मग ती गावाकडे वळली. "काय हो, काल मी घागर भरायला विहिरीवर गेले, तेव्हा मडक्यावर पाणी कोण घालत होतं?"

गावाने एकमेकांकडे पाहिलं. आबांनी घसा खाकरला. "महाराज घालत होते."

तेही खरंच होतं. उकाड्याने राजांनी पागोटं काढून ठेवलेलं, नुसत्या बाराबंदीवर डोकावून बघत होते. आवाडीचं पाणी संपत आलेलं. तिने वर न बघताच जवळ उभ्या माणसाच्या हातात करवंटी कोंबली होती: "उभा काय राहिलास खांबासारखा? मी येईपर्यंत घाल पाणी, मडकं तापतंय!" आणि राजांनी ती येईपर्यंत इमानाने पाणी घातलं होतं. दिवाणजी तेव्हा पुढे धावले होते, पण राजांना मजा वाटत होती.

"आणि ज्याने मडकं निववलं तो कोण?" आवाडीने विचारलं.

"मालक!" सगळा गाव ओरडला.

"महाराज मालक नव्हेत असं कुणाचं म्हणणं आहे का? दिवाणजी, तुमचं?"

दिवाणजी आभाळाकडे बघायला लागले.

राजे हसले. "वा! म्हणजे भट्टी आमचीच ठरली. चढवा गाडीवर."

"थांबा, महाराज. भट्टीला मालक सापडला, मग ती बेवारस कशी? आजोबांचा कायदा इथे लागत नाही."

"पण मालक मी एकटाच ना?"

"आपण एकच आणायला सांगितलात, मी एकच आणला. बाकीच्यांना कुणी आणलं नाही, ते आपापल्या पायांनी उभे आहेत." आवाडीने गावाकडे हात केला. "आणि भट्टी हलवायची तर सगळ्या मालकांनी हो म्हणायला लागतं. आपलं एक 'हो' धरलं. बाकीच्यांना विचारू?"

राजांनी गावाकडे पाहिलं. कोयतीवाले दोघे भाऊसुद्धा खांद्याला खांदा लावून उभे होते.

"नको," राजे म्हणाले. "मालक झालो, तर निदान माझा वाटा तरी दे."

आवाडीने करवंटीच्या तळाशी घोटभर ओतली आणि पुढे धरली.

दिवाणजींना राहवेना. "अगं, राज्याच्या धन्याला एवढीशी?"

"पाणी घातलं त्या मानाने जास्तच झाली, दिवाणजी. मी विहिरीवरून धावत आले होते."

राजे असे हसले, की गाडीचे बैल बुजले. घोटभर पिऊन त्यांनी करवंटी पालथी केली आणि भट्टीमागच्या टेकडीवरची सरकारी काजूची बाग तिथल्या तिथे आवाडीच्या नावे करून टाकली. मग पागोटं काढून दिवाणजींच्या हातात दिलं, बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "सरक बाजूला, मडकं तापतंय. आज पुरा वाटा घेतल्याशिवाय मी हलत नाही."