हौसाने लावलेला वाळा

डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका गावात हौसा नावाची एक काळजीखोर आई राहायची. लेक झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या नाकाशी बोट धरायची. त्यानेच पोर जागी झाली की तिची झोप होत नाही म्हणून पुन्हा काळजी. वर्ष उलटून गेलं तरी लेकीला ती कडेवरून खाली ठेवत नव्हती. खाली खडे, मुंग्या, कोंबड्या, काय नव्हतं?

घराची काळजी मात्र खरी होती. अंगणाच्या कडेला उतार आणि उताराखाली ओढा. दर पावसाळ्यात अंगणाची थोडी थोडी माती ओढ्यात जायची. गेल्या साली कड तुळशीच्या ओट्याला येऊन भिडली होती. यंदा ओटा गेला, की पुढे घरच होतं.

तिची थोरली नणंद गिरजा त्याच गावात दिलेली होती. चैत्रात एके दिवशी ती डोक्यावरून वाळ्याचा भलामोठा ठोंब घेऊन आली. पाण्याच्या माठात टाकतात, तोच वाळा. हौसाला हसू आलं. पाण्याला वास देणारं गवत माती कसली धरणार? गिरजाने सांगितलं, की तो वास मुळांचा असतो, आणि ही मुळं आजूबाजूला न पसरता सरळ खाली जातात, माणूस उभा पुरेल इतकी खोल.

दोघींनी ठोंब फोडून दोन-दोन, तीन-तीन फुटव्यांच्या जुड्या केल्या. पात वीतभर ठेवून वरची छाटून टाकली. कडेने उताराला आडवी सरी ओढली, जुड्या जवळजवळ लावल्या आणि टाचेने माती दाबली. रांग दारासमोरून निघून पार गोठ्यामागे गेली.

निघताना गिरजाने बजावलं, "पाणी घाल, गुरं शिरू देऊ नकोस. जुनी पात वाळेल, तिकडे बघू नकोस. मधून हिरवा कोंब निघाला की समज, धरलं."

"आणि नाही निघाला तर, वन्सं?"

"निघेल गं. त्याला निघू तर दे."

चार दिवस गेले आणि पात पिवळी पडली. हौसाला राहवेना. दारासमोरची एक जुडी तिने हलकेच उपटून पाहिली. खाली पांढरं काही दिसेना. तिने ती परत खोचली, वरून जास्तीचं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी शेजारची उपटली, आणि मग रोजच एखाददुसरी. एकदा दोऱ्याएवढी मुळं दिसली, तेव्हा इतका आनंद झाला, की वाढली का हे बघायला तिने तीच जुडी दोन दिवसांनी पुन्हा उपटली. कुणाची नजर नको म्हणून दारासमोरच्या जुड्यांना तिने काळा दोराही बांधला.

गोठ्यामागे ती जात नसे. तिथे खाजकुइली माजली होती आणि विंचवाची भीती. लांबूनच बादली ओतायची आणि मागे फिरायची. तिथलं गवत जगलं काय आणि मेलं काय, तिने मनातून सोडूनच दिलं होतं.

आषाढात एका दुपारी मोठा पाऊस आला. लेकीला छातीशी धरून हौसा दारात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत समोरची कड खचली. वाळ्याच्या जुड्या गेल्या, काळे दोरे गेले, मग तुळशीचा ओटा गेला. माती उंबऱ्याच्या जवळ येऊन कशीबशी थांबली.

पाऊस ओसरल्यावर गिरजा धावत आली. तिने गोठ्यामागे जाऊन पाहिलं आणि हौसाला हाक मारली. तिथली कड जशीच्या तशी होती. वाळा कमरेएवढा वाढला होता आणि पाणी त्याच्यातून गाळल्यासारखं खाली उतरत होतं.

हौसाला रडू फुटलं. "जिथे रोज लक्ष दिलं, तिथेच कसं गेलं हो, वन्सं?"

गिरजाने विचारलं, की लक्ष म्हणजे काय करत होतीस. हौसाने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"वेडे," गिरजा म्हणाली, "मुळं येतच होती. तू बघायला आलीस की तुटत होती."

गोठ्यामागचेच फुटवे काढून दोघींनी उरलेल्या अंगणाच्या कडेला नवी रांग लावली. पात पिवळी पडली. हौसाचे हात शिवशिवले, पण तिने पाणी घातलं आणि आत जाऊन डाळ निवडायला घेतली. उरलेला सगळा पावसाळा त्या घरात डाळ फार निवडली गेली.

दिवाळीपर्यंत रांग हिरवीगार झाली. एका सकाळी गिरजा आली, तिने वहिनीच्या कडेवरची भाची उचलली आणि सरळ अंगणात ठेवली. पोर रांगत वाळ्याच्या ठोंबापाशी गेली आणि दोन्ही मुठींनी पात धरून उठायला लागली.

"पात कापेल तिला," हौसा पुढे झाली.

"कापली तर हळद लावू."

हौसा थांबली. हात तिने पदरात गुंडाळून धरले. पोर डुलली, धपकन बसली, तळहाताकडे बघून ओठ काढला. मग तिने पुन्हा ठोंब धरला. गवत जागचं हललं नाही. पोर उभी राहिली.

तात्पर्य: लावावं, पाणी घालावं, राखण करावी, पण मूळ धरलं का हे उपटून बघू नये.