चालतं यंत्र बिघडव

समुद्रकाठच्या एका तालुक्याच्या गावी अंध मुलामुलींची एक निवासी शाळा होती, आणि त्या शाळेत एकदा एक चांगलं चालतं यंत्र मुद्दाम बिघडवण्यात आलं. बिघडवायला सांगणारा गृहस्थ वेडा नव्हता आणि जिने बिघडवलं तीही अडाणी नव्हती. म्हणून तर ही गोष्ट सांगायला घेतली.

यंत्र कसलं, ते आधी सांगतो. कागदावर शाईऐवजी ठिपके उठवणारं, ब्रेल छापणारं यंत्र. कुणा देणगीदाराच्या कृपेने परदेशातून आलेलं, वजनाला भक्कम आणि आवाजाला त्याहून भक्कम. ते सुरू झालं की शेजारच्या वर्गात शिकवणं थांबवावं लागे. बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यावरून केव्हाच हात झटकले होते. पण शाळेच्या संगणकावर होती मुक्त प्रणाली, म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून पाहावी आणि जमलं तर सुधारावी अशी. त्या प्रणालीत या यंत्राचा ड्रायव्हर अजून जिवंत होता. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. तो नसला तर दोघेही शहाणे असून एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

हे सगळं सांभाळायची शाळेची संगणकशिक्षिका शर्वरी. वयाने लहान, कामाला वाघ आणि बोलायला जराशी तिखट. तिला ही विद्या दिली केळुसकर तात्यांनी. तात्या तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले; आठवड्यातून एखादी चक्कर शाळेत टाकायचे, कुठला संगणक आजारी असला तर त्याची विचारपूस करायचे, चहा घ्यायचे आणि निघायचे. स्तुती करणं हा प्रकार त्यांना फारसा ठाऊक नव्हता.

त्या वर्षी शाळेने एक धाडस ठरवलं होतं. दहावीच्या सराव परीक्षेत आजवर कुणीतरी डोळस माणूस शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवी. या वर्षी मुलं आपली प्रश्नपत्रिका आपल्या बोटांनी वाचणार होती. शर्वरीनेच ही कल्पना मुख्याध्यापिका ओगलेबाईंच्या गळी उतरवली होती आणि मुलांना शब्द देऊन बसली होती. मुलांनी तर ते फारच मनावर घेतलं. “बाई, म्हणजे प्रश्न पुन्हा वाचा, असं कुणाला सांगायला नको,” असं एक मुलगी म्हणाली.

आणि नेमकं त्याच सुमारास प्रणालीचं नवं अपडेट आलं. शर्वरीने नेहमीसारखं ते बसवलं, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि यंत्राने छापायला घेतलेलं पान अर्ध्यात सोडून दिलं. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा अर्ध्यात थांबलं. ना दिवा लागला, ना काही सूचना आली. आपलं ढिम्म.

शर्वरीचं धाबं दणाणलं. तिने केबल बदलली. केबल खोचायची जागा बदलली. छपाईची रांग पुसून नव्याने मांडली. इंटरनेटवरच्या चर्चामंचावर कुणी सुचवलं म्हणून वीजबचतीची सोय बंद केली, दुसऱ्या कुणी सुचवलं म्हणून यंत्र वापरायच्या परवानग्या बदलल्या, आणि मध्ये एकदाही छापून न पाहता त्याच झपाट्यात मागच्या आवृत्तीचा ड्रायव्हर शोधून बसवला. मग देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, आणि यंत्र धडधडत सुटलं.

मग काय विचारता! ओगलेबाईंनी पेढे मागवले. मुलं यंत्राच्या खोलीबाहेर गोळा झाली आणि तो कान किटवणारा आवाज मन लावून ऐकत उभी राहिली. शर्वरीने स्वयंपाकघरातल्या मावशींपासून संस्थेचे सचिव खानोलकर यांच्यापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, की नवा ड्रायव्हरच दगाबाज होता, मी त्याला ओळखला आणि हाकलला. त्या जुन्या ड्रायव्हरला तिने संगणकात असा खिळवून टाकला, की यापुढे कुठलंही अपडेट त्याला हलवू शकणार नाही. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. अभिमान काही वाईट नाही, बरं का. काम करून ताठ मानेने हिंडणारी माणसं मला आवडतात. पण तो कशावर उभा आहे, हे एकदा खाली वाकून पाहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. यंत्राजवळ खुर्ची ओढून बसले. शर्वरीने दोन पानं छापून दाखवली. तात्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, पेढा खाल्ला, हात पुसले.

“छान चालतंय,” ते म्हणाले. “आता बिघडव.”

शर्वरीला वाटलं, तात्या थट्टा करताहेत. “म्हणजे?”

“म्हणजे काल होतं तसं कर. अर्ध्या पानावर थांबायला हवं.”

ओगलेबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तात्या, अहो, परीक्षा तोंडावर आलीय. कसंबसं चालू झालंय, कशाला त्याला डिवचता?”

“तुमचा तो ‘कसंबसं’ मला खटकतोय, बाई. प्रश्नपत्रिका आज छापायच्या आहेत का?”

“आज नाही. पुढच्या आठवड्यात.”

“मग आजच बिघडू दे. पुढच्या आठवड्यात बिघडलं तर सोसणार नाही.”

शर्वरीचा मात्र पारा चढला. “आणि परत चालूच झालं नाही तर? मुलांना तोंड मी दाखवायचंय, तात्या. तुम्ही काय, चहा पिऊन घरी जाल.” बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

तात्या रागावले नाहीत. “यंत्र कशाने चाललं, सांग.”

“जुन्या ड्रायव्हरने.”

“कशावरून?”

“तो बसवला आणि चाललं.”

“त्याआधी काय काय केलंस?”

शर्वरीने सांगायला सुरुवात केली. केबल, जागा, रांग, वीजबचत, परवानग्या. सांगता सांगता तिचा आवाज खाली येत गेला. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर यश नेमकं कुणाचं, हे कोण सांगणार? सगळ्यात शेवटी जो आला त्याच्या गळ्यात तिने हार घातला होता.

ती खाली बसली आणि केलेलं सगळं उलट करू लागली. इतकं छान चालणारं यंत्र आपल्या हाताने बंद पाडताना तिच्या काळजात चर्र होत होतं. शेवटी जुनी केबल लावली, नवा ड्रायव्हर परत आणला आणि छपाईची आज्ञा दिली. यंत्र अर्ध्या पानावर थांबलं. ओगलेबाईंनी कपाळाला हात लावला. तात्या म्हणाले, “शाब्बास.” एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला, तो यंत्र मोडल्याबद्दल.

“आता एकच बदल कर,” ते पुढे म्हणाले. “चालो न चालो, तो मागे घे आणि मग दुसरा कर. एका वेळी एक.”

शर्वरीने मोठ्या विश्वासाने पहिल्यांदा जुना ड्रायव्हर बसवला. यंत्र अर्ध्या पानावर थांबलं. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा थांबलं. सगळ्या गावाला सांगून बसलेली आपली गोष्ट साफ खोटी होती, हे तिला त्या थांबलेल्या यंत्रासमोर कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने ड्रायव्हर परत नवा केला आणि पुढे गेली. केबलने काही झालं नाही, जागा बदलून काही झालं नाही, रांग नव्याने मांडून काही झालं नाही, परवानग्यांनी काही झालं नाही. मग तिने वीजबचतीची सोय तेवढी बंद केली, आणि यंत्र शेवटच्या ओळीपर्यंत छापत गेलं. सोय चालू केली, अडलं. बंद केली, चाललं.

तेव्हा तिने यंत्राकडे नीट पाहिलं. ब्रेलचा कागद जाड. काही ओळी झाल्या की तो पुढे ओढायला यंत्र क्षणभर थांबायचं. पूर्वी संगणक तेवढी वाट पाहत असे. नव्या आवृत्तीत त्याला वीज वाचवायचा जरा जास्तच उत्साह आला होता. यंत्र गप्प दिसलं की हे रिकामटेकडं बसलंय असं समजून तो त्याला झोपवून टाकी. दुभाषा बिचारा आपलं काम नीट करत होता.

“उगाच त्याला बदनाम केला मी,” शर्वरी म्हणाली, आणि तिला हसू आलं.

तात्यांनी खुर्ची जवळ ओढली. “यंत्र दुरुस्त होणं वेगळं आणि आपल्याला समजणं वेगळं. काल ते दुरुस्त झालं होतं, पण तुझ्या नकळत. ठरवून बिघडवता आलं आणि ठरवून सुधारता आलं, की समजलं असं मी मानतो. आणि तो जुना ड्रायव्हर तू खिळवून ठेवलास ना? दोष तसाच राहिला असता आणि वर पुढच्या सगळ्या सुधारणांना दार बंद झालं असतं. दुसरं सांगतो. ही प्रणाली फुकट मिळते म्हणून आपण वापरत नाही, आपली आहे म्हणून वापरतो. आपल्या वस्तूतला दोष फक्त आपल्या खोलीपुरता झाकून चालत नाही. जिथे ती लिहिली जाते तिथे जाऊन सांगावा लागतो. तिथे ‘बिघडलंय हो’ म्हणणारे पुष्कळ येतात. असं केलं की बिघडतं, असं केलं की सुधारतं, तुम्हीही करून पाहा, असं सांगणारा आला की लोक हातातलं काम ठेवून ऐकतात.”

शर्वरीने त्याच दिवशी, ज्यांच्याकडे प्रणालीतल्या वीजबचतीच्या भागाचं काम होतं त्यांना कळवलं. उलट प्रश्न आला, जरा कोरडाच. हा ड्रायव्हरचा दोष नाही कशावरून? आदल्या दिवशी कुणी तिला हे विचारलं असतं तर ती भांडली असती. आता तिने शांतपणे काय करून पाहिलं, ते क्रमाने लिहिलं. पलीकडच्या माणसाचा सूर एकदम बदलला. त्याने एक छोटी दुरुस्ती लिहून पाठवली: या जातीच्या यंत्राला, ते कितीही गप्प दिसलं तरी, झोपवायचं नाही. शर्वरीने ती बसवून पाहिली, काढून पाहिली, परत बसवून पाहिली आणि निर्वाळा दिला. पुढच्या अपडेटमध्ये ही दुरुस्ती सगळ्यांसाठी जाईल, असं त्याने कळवलं.

परीक्षेच्या दिवशी वर्गात कुणीच कुणाला वाचून दाखवत नव्हतं. कागदावरून बोटं फिरत होती. एका मुलाला तिसरा प्रश्न जड गेला असावा, तो पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येत होता. कुणाची परवानगी न मागता, कुणाला त्रास न देता. ओगलेबाई दाराशी उभ्या राहून ते बघत होत्या. “माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढा अभिमान वाटला नव्हता गं,” त्या शर्वरीच्या कानात म्हणाल्या.

काही आठवड्यांनी ते अपडेट आलं. खानोलकर नेमके शाळेत होते. अपडेट म्हटल्यावर ते उठून यंत्रापाशी आले, कारण मागच्या वेळचा प्रसंग ते विसरले नव्हते. शर्वरीने मात्र आधी हाताने बसवलेली दुरुस्ती काढून टाकली, वीजबचत होती तशी चालू केली आणि मग अपडेट घेतलं. यंत्राने पहिलं पान शेवटपर्यंत छापलं, दुसरं छापलं, तिसरं छापलं.

“काय केलंत हो बाई?” खानोलकरांनी विचारलं.

“काही नाही. अपडेट केलं,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात चर्चामंचावर एक मजकूर आला. दूरच्या कुठल्याशा डोंगराळ देशातली अंधशाळा. ‘आमचं यंत्र अर्ध्या पानावर थांबायला लागलं, म्हणून आम्ही ते अडगळीत टाकलं होतं. आज अपडेटनंतर सहज लावून पाहिलं, तर चाललं. आम्ही काहीच केलेलं नाही. ज्याने कुणी केलं, त्याला आमच्या मुलांतर्फे धन्यवाद.’ शर्वरीने तो मजकूर कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवला. 

“अहो, मग कळवा की त्यांना, कुणी केलं ते,” खानोलकर म्हणाले.

“त्यांची मुलं वाचायला लागली असतील आता. मला तेवढं पुरे आहे.”

हे काही तोंडदेखल्या विनयाने ती बोलली नव्हती. तिला अभिमान वाटत होता, चांगला भरपूर वाटत होता. फक्त तो वाढवायला आता कुणाला गोष्ट सांगत फिरायची गरज उरली नव्हती.

खानोलकरांनी कोपऱ्यात बसलेल्या तात्यांकडे पाहिलं. “तात्या, शिष्या चांगली तयार केलीत तुम्ही.”

“ती झाली मागची गोष्ट,” तात्या म्हणाले. “अपडेट केल्यापासून माझ्या घरच्या संगणकाचा आवाज गेलाय. डोकं चालवून दमलो, काही उमगत नाही. हिला न्यायला आलोय.”

शर्वरी उठली. मग तिने पर्स खांद्याला लावली. फाटकातून बाहेर पडताना तात्या नेहमीप्रमाणे पुढे झाले नाहीत. बाजूला सरून त्यांनी तिला वाट दिली आणि ते तिच्या मागून चालू लागले.